उसनं आडनाव

आम्ही शिकलगार शीख. हे मी आता कुठेही सरळ सांगते आणि सांगताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहते. दुसरं कुणी असलं तर "म्हणजे काय?" असं विचारतं. समोरचा शीखच असला तर जरा थांबतो आणि मग मोठ्या मायेनं म्हणतो, "ताई, आपल्यात कुठं जात असते?" या वाक्याची मला जितकी चीड आहे तितकी शिवीचीही नाही. शिवी देणारा निदान मनातलं बोलत असतो.

बापूंनी मात्र हे वाक्य जन्मभर खरं मानलं. अमृत छकलेला, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेला माणूस, पहाटेचा पाठ कधी चुकला नाही, तापातसुद्धा नाही. गुरूंनी पुरुषांना सिंघ दिलं, बायकांना कौर दिलं, ते नावामागची जात पुसून टाकायला, हे त्यांनी आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलं होतं. "सिंघच्या म्होरं आनखी काही लावनं म्हंजे घासलेल्या भांड्यात खरकटं टाकनं," असं ते म्हणायचे. नांदेडात पंजाबी आडनावं लावणारी घरं कमी नव्हती. बापू त्यांना हसत.

आमचं काम लोखंडाचं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारे. गुरूंच्या फौजेच्या तलवारी आमच्या वाडवडिलांच्या हातच्या, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. तलवारींचे दिवस गेले आणि हातात बादल्या, चाळण्या, विळे, कुलपं आली. तरी बापूंना आपण अजून फौजेतच आहोत असं वाटे. बादलीला बूड ठोकतानाही त्यांची पाठ ताठ असायची.

लातूर जिल्हा झाला आणि आम्ही नांदेडहून तिकडे गेलो. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, ऑफिसांना खिडक्या, खिडक्यांना जाळ्या, असं बापूंचं गणित होतं. जाळ्या झाल्याही, पण त्या मोठ्या वेल्डिंगवाल्यांनी केल्या. आमच्या वाट्याला दुष्काळ आला. पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. हापसे नुसते खडखडायचे. टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. लोकांनी दारात टिपाडं आणून ठेवली, आणि टिपाडातलं पाणी चोरीला जायला लागलं तेव्हा टिपाडांना झाकणं आणि झाकणांना कडीकोयंडे लागले. ते काम बापूंकडे आलं. "पानी गुरूनं सगळ्यांसाठी दिलंय, अन् आपुन त्याला कुलूप घालून राहिलो," असं पुटपुटत ते कोयंडे ठोकायचे. त्या कोयंड्यांवर आमची चूल पेटत होती, त्यामुळे दुष्काळाला धड शिव्या देण्याचीही आम्हाला सोय नव्हती.

आम्ही एका वाण्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. घरमालकीण गळ्यात चांदीच्या डबीत लिंग बांधणारी, मनानं वाईट नव्हती. तिच्या आडाला तळाशी थोडं पाणी उरलं होतं आणि घरच्यांचं झालं की ती आम्हालाही पाणी द्यायची. पण त्याआधी तिनं आईला विचारून घेतलं होतं.

"तुमी सरदार म्हंजे नेमके कोन?"

"खालसा," आई म्हणाली.

"ते हाव. पन तुमची सोयरीक कोनाशी व्हती?"

आईनं घागर खाली ठेवली. मालकीण काय समजायचं ते समजली असावी. त्या दिवसापासून दोरी तीच ओढायची आणि पाणी आमच्या घागरीत वरून ओतायची. प्रेमानं ओतायची, हे कबूल करायला हवं.

पाण्याचे खरे हाल झाले ते माझ्या मोठ्या बहिणीचे. तिचे केस कमरेच्याही खाली होते. केसांना कात्री लावायची नाही हा आमच्यातला पहिला नेम, आणि एवढे केस धुवायचे तर पाणी लागतं. लोखंडाची काजळी, धुरळा, घाम. वास यायला लागला की ती डोक्यावरची ओढणी घट्ट आवळून बसायची. मालकीण म्हणायची, "काप की बाई थोडे. तुज्या येका डोक्यात आमचं सारं घर न्हातंय." बहीण घरात येऊन भिंतीकडे तोंड करून रडायची. तिला काय हवंय हे मला तेव्हाच कळलं होतं. तिला दागिने नको होते, सिनेमातला नवराही नको होता. तिला नळ हवा होता.

आणि नळ असलेलं घर चालून आलं. लातुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा लहानसा गुरुद्वारा होता, तिथल्या ग्रंथींना, म्हणजे ग्रंथसाहिबांचा पाठ करणाऱ्यांना, आम्ही भाईजी म्हणायचो. नांदेडचा एक मुलगा मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यासाठी लातूरला येई आणि माथा टेकायला तिथं थांबे. त्यानं बहिणीला पाहिलं आणि घरी सांगितलं. त्यांचे पूर्वज निजामाच्या वेळी पंजाबातून फौजेबरोबर आलेले, चांगलं बांधलेलं घर, अंगणात नळ. त्यांनी भाईजींना विचारलं, माणसं कशी आहेत? भाईजी म्हणाले, अमृतधारी आहेत, नेमाची आहेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. भाईजी साधे होते, त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. बापूंनी काही लपवलं असं आजही कुणी म्हणू नये. लपवण्यासारखं आपल्याकडे काही आहे हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

कुडमाई, म्हणजे साखरपुडा, त्यांच्या घरी नांदेडला ठरली. आमच्यात त्या वेळी मुलगी जात नाही. आई, बापू आणि मी गेलो. अरदास, म्हणजे गुरूपुढची प्रार्थना, झाली, कडाह प्रसाद वाटला गेला, मुलाच्या झोळीत बापूंनी मिठाई आणि खारका घातल्या. शब्द पक्का झाला. मी दोनदा अंगणात जाऊन नळाची तोटी फिरवून आले. आई डोळ्यांनी दटावत होती, पण तिचं लक्षही तिकडेच होतं.

जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत बसले. भिंतीवर एक तलवार होती. दसऱ्याला पुजायची, पणजोबांची, पंजाबातून आलेली. बापूंची नजर तिच्यावर गेली ती हलेचना. त्यांनी विचारून ती खाली घेतली, म्यानातून काढली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. हवेतल्या ओलीनं पातं डागाळलं होतं, धार पार मेली होती. "हे काय केलं वो तुमी," ते कळवळून म्हणाले, "शस्त्र हाय ना हे." त्यांच्या खिशात धारेचा लहान दगड कायम असायचा, जसा दुसऱ्याच्या खिशात रुमाल असतो. त्यांनी वाटीभर पाणी मागितलं, मांडी घातली आणि नव्या सोयऱ्याच्या बैठकीत, मखमली गादीच्या कडेला बसून तलवार घासायला सुरुवात केली.

आई कानकोंडी झाली. बाकीचे आधी कौतुकानं बघत होते. हळूहळू बोलणं थांबलं आणि दगडाचा आवाज तेवढा राहिला. मुलाचे आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते बापूंच्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे बघत होते.

"हात लई सराईत हाय," आजोबा म्हणाले. "कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? पिढीजात हाय," बापू हसून म्हणाले. "आमी शिकलगार. गुरूच्या फौजेची हत्यारं आमच्याच घरात व्हायची."

हे सांगताना बापूंची मान इतकी वर होती, इतकी वर होती की मला ते आठवलं की अजून राग येतो. कुणावर ते सांगता येत नाही. त्यांना खरंच वाटलं होतं की शिखाच्या घरात याहून मोठी ओळख नसेल. आता हे लोक उठतील, गळ्याला लावतील. अशी चूक दुसरा कुणी करणार नाही. मराठ्याचा, वाण्याचा, कुठल्याही जातीचा माणूस सोयऱ्याच्या घरी तोंड सांभाळून बोलतो, कारण जात म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं. आमच्यासारख्यांना जात नाही असं पढवलेलं असतं, म्हणून आम्हीच तोंडावर पडतो.

कुणी उठलं नाही. मुलाच्या आईनं बापूंच्या पुढ्यातली पाण्याची वाटी उचलली आणि मोरीत नेऊन पालथी घातली. आजोबा म्हणाले, "धार चांगली झाली. राहू द्या आता." आम्ही लातूरच्या एसटीत बसलो तेव्हा बापू खुशीत होते. लोहा मागे पडलं, अहमदपूर आलं, तरी ते त्या पात्याच्या पोलादाचं कौतुक करत होते. आई खिडकीबाहेर बघत होती.

थोड्या दिवसांनी भाईजी आले. बसले, पाणी घेतलं नाही, म्हणाले तुमचं पाणी कमी आहे. मग खाली बघत सांगितलं की अरदास झाली आहे म्हणून सोयरीक मोडणार नाहीत, मुलगाही अडून बसला आहे. पण लोक विचारतील. तेव्हा बापूंनी आपलं एक आडनाव सांगावं. मुलाकडच्यांनीच ते सुचवलं होतं, पंजाबातल्या कुठल्याशा गावावरून पडलेलं, खानदानी. फौजेबरोबर आलो असं म्हणावं. लग्नाला आमच्याकडचे फक्त घरचे यावेत. भाते आणि ऐरणी घेऊन बाजारोबाज फिरणारे पाहुणे नकोत.

"भाईजी, तुमी गुरूच्या हुजूरात बसता," बापू म्हणाले. "तुमी सांगा, हे बोलू का मी?"

भाईजींनी हात जोडले. "मला इचारू नका," म्हणाले आणि उठले. चांगल्या माणसांचा हाच उपयोग.

बापूंनी दोन दिवस हातोडा उचलला नाही. लोक टिपाडांची झाकणं घेऊन परत गेले. मग बहीण त्यांच्यासमोर जाऊन बसली. आमच्या घरात मुलींनी बापाशी असं बसून बोलायची रीत नव्हती.

"येकदा म्हना ना बापू."

"काय म्हनू? जात न्हाई म्हनून जल्म काढला. आता दुसऱ्याची लावून घिऊ?"

"तुमचा धरम तुमी सांभाळला. माजं काय? हितंच टिपाडाला टेकून बसू? भात्याची दोरी वढून वढून?" तिचा आवाज चिरला. तिनं डोक्यावरची ओढणी काढली आणि चिकटून दोर झालेली वेणी त्यांच्यासमोर धरली. "हे बघा. तुमच्या गुरूनं दिलेले केस धुवायला मला पानी न्हाई."

बापूंनी तोंड फिरवलं. आई चुलीजवळून म्हणाली, "पोरगी खोटं न्हाई बोलत." बस, तेवढंच. मी आईला नंतर खूप बोलले त्यावरून, पण तिचंही काय चुकलं? पोरीला या पत्र्याच्या खोलीत कुजवण्यापेक्षा नवऱ्याला खोटं बोलायला लावणं तिला सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बापू मुखेडला गेले. त्यांचा थोरला भाऊ तिथं बाजारच्या दिवशी भाता मांडून बसायचा. बहीण लहानपणी त्याच्याच खांद्यावर वाढलेली. त्याला लग्नाला येऊ नको असं सांगणं बापूंनी निरोपावर सोडलं नाही, स्वतः गेले. थोरले काका म्हणे ऐकत होते आणि विळा ठोकत होते. शेवटी म्हणाले, "बरं. पोरगी सुखी ऱ्हावी." त्यानंतर ते आमच्या दारात कधी आले नाहीत. बोलावलं तरी नाहीत.

लग्न नांदेडला झालं. ग्रंथसाहिबांसमोर बापूंनी पल्ल्याचं, म्हणजे उपरण्याचं, टोक बहिणीच्या हातात दिलं, दुसरं टोक मुलाच्या खांद्यावर होतं. लावांचे चार फेरे झाले. बहिणीचे केस धुतलेले होते, ती सुंदर दिसत होती, आणि मी तिच्याकडे बघून खूश होते हेही खरंच आहे. अरदास झाल्यावर संगत अजून बसलेली असताना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं बापूंकडे वाकून मोठ्यानं विचारलं, "सरदारजी, तुमी कोन? कुटले?"

समोर ग्रंथसाहिबांचा प्रकाश होता, म्हणजे ग्रंथ उघडा मांडलेला होता. बापूंनी तिकडे एकदा पाहिलं. मग ते आडनाव म्हणाले. गावाचं नाव म्हणाले. फौज म्हणाले. शाळेतल्या पोरानं पाठांतर म्हणावं तसं, न चुकता. म्हाताऱ्यानं समाधानानं मान डोलावली. बहीण पाऊलभर अंतरावर होती, तिनं सगळं ऐकलं. ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. ते आमचं नव्हे.

बहीण परत लातूरला आली नाही. सुरुवातीला निरोप यायचे, की घरात काम आहे, तब्येत बरी नाही. मग निरोपही थांबले. तिला बाळ झालं हे आम्हाला भाईजींकडून कळलं. आईनं गूळ आणून गल्लीत वाटला आणि कुणी विचारलं की "जावईबापू फार चांगले आहेत" असं सांगत सुटली.

बापू मात्र दर संक्रांतीला, म्हणजे महिना बदलेल त्या दिवशी, नांदेडला जायला लागले. मोठ्या गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसायचे, येणाऱ्यांचे जोडे घ्यायचे, पुसून फळीवर लावायचे, हातात पत्र्याचा बिल्ला द्यायचे. आमच्यात अमृतधारी माणसाच्या हातून नेम मोडला तर त्यानं पाच प्याऱ्यांसमोर, म्हणजे पाच निवडलेल्या अमृतधाऱ्यांसमोर, उभं राहून चूक सांगायची असते. ते तनखाह लावतात, म्हणजे काहीतरी सेवा करायला सांगतात. भांडी घासा, जोडे पुसा. ती केली की माणूस मोकळा. मी एकदा विचारलं, "बापू, तुमाला कोनी लावली तनखाह?"

"कोनी न्हाई. मीच."

"मंग सांगा ना त्यांच्यापुढं. सांगितलं की सुटाल."

"माजी चूक सांगायची तर पोरीचं घर सांगावं लागतंय," ते म्हणाले. "अन् सांगितल्याबिगर माफी नसते."

म्हणजे या सेवेला शेवट नव्हता. हे ते मला भाकरी खाता खाता, साध्या आवाजात सांगत होते. मी उठून बाहेर गेले आणि मालकिणीच्या टिपाडाला लाथ घातली.

पुढचा पावसाळाही कोरडा गेला. त्यानंतरच्या एका संक्रांतीला मी त्यांच्याबरोबर नांदेडला गेले. गर्दी होती. मी जोडाघरात त्यांच्या मागे बसून फडक्यानं जोडे पुसत होते. एका बाईनं कठड्यावर चपला ठेवल्या. गुलाबी पट्ट्यांच्या, नव्या. मी वर पाहिलं तर बहीण. कडेवर बाळ. शेजारी तिची सासू, आणि सासूबरोबर आणखी बायका, कुणी पाहुण्या असाव्यात.

तिनं बापूंना पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती, मध्ये फक्त लाकडाची फळी होती. सासूनंही पाहिलं आणि ती पाहुण्यांना घाईनं पुढं घेऊन निघाली. मी उठणार तोच बापूंनी मागे हात करून माझा खांदा दाबला. जोरात दाबला.

त्यांनी चपला उचलल्या, उलट्या करून तळव्याची माती झटकली, स्वतःच्या गळ्यातल्या कापडानं पट्टे पुसले आणि फळीवर ठेवल्या. बाळ त्यांच्या दाढीकडे बघत होतं. बहिणीनं हात पुढे केला.

"बाबाजी, बिल्ला," ती म्हणाली. सेवा करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळेच बाबाजी म्हणतात.

बापूंनी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला.

"घे बेटा," ते म्हणाले. तेही तिथं सगळ्यांनाच बेटा म्हणायचे, म्हणून त्यांना ते म्हणता आलं.